ऐंशी टक्के नमस्कार

सोमवारी सकाळी सव्वानऊला कारखान्याची बॅटरी गाडी स्टोअरच्या उतारावरून खाली आली आणि मुख्य ऑफिससमोरच्या गुलाबाच्या कुंडीवर जाऊन आदळली. गाडीला काही झालं नाही. ती चालवणाऱ्या गोविंदलाही काही झालं नाही. कुंडी मात्र फुटली, आणि गोविंदच्या शेजारी बसलेल्या मुजुमदार साहेबांच्या हातातला चहाचा कप त्यांच्या पँटवर पूर्ण रिकामा झाला. साडेनऊला मीटिंग भरली आणि दहा वाजता सुधाकर पिंपळखुटेला बोलावणं आलं.

सुधाकर तेव्हा पॅनल रूममध्ये स्टुलावर डोळे मिटून बसला होता. झोपलेला नव्हता, पण जागा होता असंही म्हणता आलं नसतं. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात विजेच्या देखभालीची कामं करत त्याला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि एकोणतीस वर्षांत तो जितका दमला नव्हता तितका गेल्या दोन महिन्यांत दमला होता. कारण कारखान्याची बस. ती पूर्वी टी. टी. नगरहून सुटायची. सुधाकरचं घरही तिथेच, बायकोला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील छप्पन्न साली नागपूरहून सरकारी फायलींच्या पेट्यांसोबत भोपाळला आले, तेव्हापासून पिंपळखुट्यांनी टी. टी. नगर सोडलं नव्हतं. बसने मात्र सोडलं. नवे प्लांट हेड मुजुमदार साहेब पुण्याहून आले, त्यांनी कागद पाहिले, टी. टी. नगरला फक्त तेरा माणसं चढतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि बस लांबच्या बरखेड्याहून सुटू लागली.

मणक्याच्या तक्रारीमुळे डॉक्टरांनी सुधाकरची स्कूटर बंद केलेली. पहाटे पाचला भोपाळात रिक्षा मिळत नाही, मिळाली तर रिक्षावाला आपल्यापेक्षा जास्त झोपेत असतो. तेव्हा सुधाकर चारला उठायचा, थोडं चालायचा, आणि एका दूधवाल्याच्या टेम्पोत क्रेटांच्या मध्ये उभा राहून बरखेड्याला पोचायचा. तिथून बस. त्यामुळे सात वाजता पाळी सुरू व्हायची तेव्हा त्याचा अर्धा दिवस संपलेला असायचा.

या बसवरून अकरा दिवस कारखान्यात काळ्या फिती लागल्या होत्या. साहेब म्हणत, "आधी फिती काढा, मग बोलू." युनियनचे अध्यक्ष मालवीयजी म्हणत, "पहले बात, फिर फीता." पण खरं सांगायचं तर बसचं दुःख तेरा जणांचं होतं. चारशे माणसांचं दुःख वेगळंच होतं. मुजुमदार साहेब नमस्कार घेत नसत. उंच, ताठ, पाठीत गज घातल्यासारखे चालायचे. समोरून कोणी "नमस्ते साब" म्हटलं की त्यांची डावी भुवई अर्धं सूत वर जायची, तीही जाणाऱ्याच्या बाजूची असेलच असं नाही. आणि भोपाळकर माणूस एकवेळ बस गेलेली सोसेल. नमस्कार वाया गेलेला सोसत नाही.

"गाडीचं ब्रेकिंग कोण बघतं?" साहेबांनी विचारलं. त्यांनी पँट बदलली होती.

"मी, साहेब. पण पायाचा ब्रेक एकदम ठीक आहे. गोविंदने तो..."

गोविंद कोपऱ्यात उभा होता. त्याने सुधाकरकडे असं पाहिलं की सुधाकरने वाक्य तिथेच सोडून दिलं. गोविंद उतारावर असताना वायंडिंग शॉपच्या छपरावर चढलेल्या माकडाकडे बघत होता, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. साहेब सोडून.

"पायाचा नाही. ते दुसरं. मोटरचं ब्रेकिंग. कंट्रोलरमध्ये सेटिंग असतं ना त्याचं?"

"असतं, साहेब. एक्सलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते. थोडी वीज परत बॅटरीत जाते."

"किती ठेवलंय?"

"तीस टक्के."

साहेबांनी मीटिंगमधल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "म्हणजे सत्तर टक्के ब्रेकिंग आपण वापरतच नाही?"

मीटिंगमधले चार-पाच जण गंभीरपणे माना हलवू लागले. सुधाकर म्हणाला, "साहेब, ते तसं नसतं. जास्त ठेवलं तर पाय उचलल्याबरोबर..."

"ऐंशी करा."

"साहेब, ऐंशीला बसलेला माणूस..."

"पिंपळखुटे, मी प्रश्न विचारला का?"

"नाही, साहेब."

"आज करा."

दोन महिन्यांपूर्वीचा सुधाकर असता तर त्याने आणखी दोन वाक्यं खर्ची घातली असती. आता त्याच्यात तेवढा दम उरला नव्हता. दुपारी त्याने गाडीची सीट उचलली, खालच्या काळ्या डब्याला केबल लावली, लॅपटॉपवर तीसच्या जागी ऐंशी लिहिलं आणि गोविंदला एक फेरी मारून आण म्हणून सांगितलं. गोविंद दहा पावलं गेला, पाय उचलला, आणि छाती स्टिअरिंगवर आदळून परत आला.

"भाऊ," बरगडी चोळत गोविंद म्हणाला. तो बऱ्हाणपूरचा, अर्धी मराठी आणि अर्धी हिंदी एकाच घासात खायचा. "ये तो अडियल टट्टू झाली! साहेबांना सांगितलं का तुमी?"

"सांगत होतो. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता."

मंगळवारी सकाळी आठ वाजता साहेबांची नेहमीची फेरी निघाली. साहेब पुढच्या सीटवर, गोविंदच्या शेजारी. समोर धरायला एक आडवी नळी होती. पहिल्या वळणावर गोविंदने पाय उचलला आणि साहेबांनी घाईघाईने दोन्ही हातांनी ती नळी गच्च धरली, हाताला हात लावून, मध्यभागी. ही त्यांची पकड. यातूनच पुढचं सगळं झालं.

वायंडिंग शॉपच्या दारात तारांची रिळं घेऊन सहा-सात बायका उभ्या होत्या. माणसं दिसली की वेग कमी करायचा, हा नियम. गोविंदने पाय उचलला. गाडी जागच्या जागी आवळली गेली, आणि साहेब कमरेपासून नाही तरी मानेपासून चांगले पुढे आले. जुळलेले हात, त्यावर टेकलेलं कपाळ. क्षणभर. मग गाडी पुढे गेली.

बायकांच्या हातातली रिळं तशीच राहिली.

"सुलभा, तूने देखा?"

"देखा ना. मुझे किया कि तुझे?"

"सबको किया."

प्रेस शॉपपाशी पुन्हा तेच. पेंटच्या दारात पुन्हा. टेस्टिंगला तर एक हातगाडी आडवी आली, तेव्हा साहेबांनी लागोपाठ तीनदा नमस्कार घातला आणि हातगाडीवाला हातगाडी तिथेच टाकून, चपला काढून उभा राहिला. साहेबांची गाडी कँटीनपाशी पोचली त्याच्या आधी बातमी पोचली होती. मालवीयजी लिंबाच्या झाडाखाली काळी फीत लावून बसले होते. पन्नाशीचे, जाड मिशीचे, सागरकडचे गृहस्थ. त्यांनी गाडी येताना पाहिली, मुद्दाम तोंड फिरवलं, पण डोळ्याच्या कडेने पाहत राहिले. गोविंदने पाय उचलला. साहेब झुकले.

मालवीयजींचे हात त्यांना न विचारता जोडले गेले.

दुपारी दोनला साहेबांनी सुधाकरला बोलावलं. ते मान वळवायची तर खांद्यांसकट वळवत होते.

"पिंपळखुटे, ते ब्रेकिंग कमी करा. आजच."

"किती करू, साहेब?"

"ते मी सांगायचं का? कमी करा." मग ते थोडं थांबले. "आणि आज लोकांना झालंय काय? सगळे माझ्याकडे बघून हसताहेत."

"हसत नाहीयेत, साहेब. ते..." सुधाकर सांगणारच होता. पण पुढचं वाक्य मोठं होतं, आणि त्यात साहेबांच्या भुवईचाही उल्लेख आला असता. "बघतो, साहेब," तो म्हणाला.

तो बाहेर पडतो न पडतो तोच कार्मिक विभागाच्या प्रतिभा सोहनी मॅडमनी त्याला जिन्यात गाठलं. इंदूरच्या, चाळिशीतल्या, अकरा दिवसांत साहेब आणि युनियन यांच्यात चिठ्ठ्या नेऊन नेऊन त्यांचे गुडघे गेले होते.

"काका, मालवीयजी स्वतः माझ्याकडे आले होते. म्हणाले, शुक्रवारी साडेअकराला बसू. बाकीच्या दोन मागण्या सोडायला तयार आहेत. फक्त बस द्या म्हणाले."

"बरं झालं."

"मी विचारलं, एवढं काय बदललं? तर म्हणाले, बड़ा आदमी झुक गया मॅडम, अब हम क्या अकड़ें."

"मॅडम, तो नमस्कार नाही. मोटरचा ब्रेक आहे."

"मला माहीत आहे हो! मी खिडकीतून पाहिलं, खांबालासुद्धा केला त्यांनी." प्रतिभा मॅडमनी आवाज खाली आणला. "शुक्रवारपर्यंत राहू द्या ना तो ब्रेक."

"साहेबांनी आजच कमी करायला सांगितलंय."

"किती?"

"आकडा नाही सांगितला."

"मग करा ना कमी. एकोणऐंशी म्हणजे कमीच की!"

सुधाकर म्हणाला, असं आपल्याला जमायचं नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कुठून चढता बसला? सुधाकरच्या डोळ्यांसमोर दुधाचे क्रेट आले. मॅडम म्हणाल्या, "विचार करा," आणि गुडघा धरत जिना उतरून गेल्या.

त्याने विचार केला आणि पंचावन्न केलं. इमानदारी आणि बस यांच्या मध्यावर हा आकडा कुठेतरी पडतो, असं त्याला वाटलं. एवढ्याने झटका मरेल, साहेबांची मान वाचेल, आणि झालंच तर थोडंफार डोकं हललेलं दिसेल.

झालं ते वेगळंच. ऐंशीला तो झटका होता. पंचावन्नला गाडी हळूहळू, दोन-तीन सेकंद घेऊन आवळली जाई, आणि साहेबही हळूहळू खाली जात, खालीच राहत, आणि मग सावकाश वर येत. मंगळवारी लोकांना साहेब घाईत नमस्कार करताना दिसले होते. बुधवारी ते मनापासून करताना दिसले. टेस्टिंगच्या जुन्या मिश्रा मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्यापुढे अडतीस वर्षांच्या नोकरीत इतका वेळ कोणी वाकलं नव्हतं. कँटीनवाल्याने साहेबांच्या खोलीत न मागता आल्याचा चहा पाठवला, बशीसकट. निम्म्या लोकांनी फिती काढल्या. उरलेल्यांनी त्या बाहीच्या आत सरकवल्या.

आणि साहेबांची मान पार धरली. झटक्याने आखडलेली मान दिवसभर खाली-वर, खाली-वर झाली होती. संध्याकाळी दवाखान्यातून त्यांच्या गळ्यात जाड पांढरा पट्टा आला.

"हे चांगलं झालं," गुरुवारी सकाळी गोविंद म्हणाला. "आता मान हलणारच नाही."

मान हलली नाही, हे खरं. पण गाडी तर आवळली जाणारच होती, आणि पुढे येणाऱ्या माणसाला कुठून तरी वाकावंच लागतं. गुरुवारी साहेब थेट कमरेतून वाकले. ताठ पाठ, ताठ मान, जुळलेले हात, आणि सगळा सहा फुटांचा देह दाराच्या बिजागरीसारखा कमरेत मिटत होता. वायंडिंगच्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मालवीयजींनी सगळ्यांदेखत दंडावरची फीत सोडली, घडी करून खिशात ठेवली, आणि पॅनल रूममध्ये सुधाकरला शोधत आले.

"पिंपलखुटे जी, मैंने गलत समझा था उनको. गला टूटा पड़ा है, फिर भी झुक रहे हैं। कल हार पहनाऊँगा।"

"मालवीयजी, वो गाड़ी में..."

"गाड़ी-वाड़ी छोड़िए। आदमी देखिए, आदमी।"

मालवीयजी गेले. सुधाकर स्टुलावर बसला. त्याला आता झोप येत नव्हती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

दुपारी सही घ्यायला तो साहेबांच्या खोलीत गेला तेव्हा ते जेवत होते. डबा उघडा, समोर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. पट्ट्यामुळे त्यांना खाली बघता येत नव्हतं. चमचा ते अंदाजाने वाटीत घालत होते, आणि वरणाचे दोन पिवळे डाग शर्टाच्या खिशावर पडले होते. साहेबांचं कुटुंब पुण्याला होतं. मुलगा बारावीला, म्हणून. इथे ते कंपनीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. डबा मेसचा होता. साहेब आल्यापासूनच्या आठ महिन्यांत हे सुधाकरला कधी दिसलं नव्हतं, कारण आठ महिन्यांत तो त्यांच्या खोलीत जेवणाच्या वेळी गेलाच नव्हता. कोणीच गेलं नव्हतं.

"साहेब, वाटी इकडे आहे," तो म्हणाला आणि त्याने वाटी त्यांच्या हाताशी सरकवली.

"थँक यू." साहेब थोडे ओशाळले. सही करताना म्हणाले, "ब्रेकिंग केलं का कमी?"

"केलं, साहेब. पंचावन्न."

"मुळात किती होतं?"

"तीस."

"मग तीस करा." आवाजात जोर नव्हता. "मी तेव्हा ऐकून घ्यायला हवं होतं बहुतेक."

संध्याकाळी पाळी सुटल्यावर सुधाकरने सीट उचलली, केबल लावली आणि तीस लिहिलं. गाडी स्वतः चालवून पाहिली. लोण्यासारखी थांबत होती.

घरी येऊन त्याने बायकोला, नलिनीला, सगळं सांगितलं. नलिनी मंत्रालयात आवक-जावक सांभाळायची; पस्तीस वर्षांत तिने अनेक साहेब पाहिले होते आणि एकाबद्दलही तिचं मत फार वेळ चांगलं राहिलं नव्हतं.

"म्हणजे उद्या तुमचे साहेब ताठच बसणार?"

"हो."

"आणि ते मालवीय हार घेऊन उभे राहणार?"

"हो."

"आणि मग बस गेली म्हणायची."

"अगं, मान वाकडी झाली त्या माणसाची. वाटीतलं वरण दिसत नाही त्याला."

नलिनी थोडा वेळ पोळ्या लाटत राहिली. "बरोबर केलंत," ती म्हणाली. मग तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "गजर चारचाच ना?"

शुक्रवारी साडेअकराला लिंबाच्या झाडाखाली साठ-सत्तर माणसं जमली होती. मालवीयजी पांढऱ्या कुडत्यात, हातात झेंडूचा हार. प्रतिभा मॅडम एका बाजूला फाइल छातीशी धरून. सुधाकर त्यांच्याजवळ गेला.

"मॅडम, तुम्हाला सांगायचं राहिलं. तीस केलंय मी."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

प्रतिभा मॅडमनी डोळे मिटले. "काका, एक दिवस... एक दिवस थांबला असतात ना हो."

तेवढ्यात ऑफिसच्या वळणावरून गाडी आली. गोविंद एवढी माणसं बघून सावध झाला होता. बरंच अलीकडे त्याने पाय उचलला, मग पायाच्या ब्रेकवर अलगद ठेवला, आणि गाडी मालवीयजींच्या समोर इतकी हळुवार उभी राहिली की साहेबांच्या मांडीवरचा कागदही हलला नाही. साहेब ताठ. गळ्यात पट्टा. नजर समोर.

मालवीयजींनी हार बगलेत धरून दोन्ही हात जोडले. "नमस्ते साब."

एक सेकंद गेला. सुधाकरला साहेबांची डावी भुवई दिसत होती आणि तो तिच्याकडेच बघत होता. ती आता वर जाणार, आणि मग हा हार, ही माणसं, तो दूधवाल्याचा टेम्पो, सगळं होतं तिथे जाणार. दुसरा सेकंद गेला. मागे कोणीतरी खोकलं. मालवीयजींचे जोडलेले हात किंचित खाली आले.

आणि साहेबांनी समोरची नळी धरली. दोन्ही हातांनी, हाताला हात लावून. गाडी उभी होती. मोटर बंद होती. साहेब कमरेतून पुढे आले, सावकाश, पट्टा हनुवटीत रुतेपर्यंत, आणि कपाळ हातांवर टेकून तसेच राहिले.

मग काय विचारता. मालवीयजींनी हार घातला, तो पट्ट्यात अडकला आणि एका कानावरच लटकत राहिला. तो सोडवायला चौघं धावले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बैठक पाऊण तास चालली, त्यातली पंधरा मिनिटं मानेच्या दुखण्यावर कोणतं तेल चांगलं यावर गेली. सोमवारपासून बस टी. टी. नगरहून सुटेल, असा कागद साडेबाराला प्रतिभा मॅडमच्या हातात होता. त्या तो पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

सुधाकरने गोविंदला बाजूला घेतलं. "खरं सांग. ब्रेक जोरात मारलास का?"

"मी?" गोविंद दुखावला. "भाऊ, सीटवर कच्चं अंडं ठेवलं असतं ना, तरी फुटलं नसतं. तुमी बगत तर होते!"

तीन वाजता साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर तेलाच्या तीन वेगवेगळ्या बाटल्या उभ्या होत्या, आणि एका स्टीलच्या डब्यात कोणाच्या तरी घरचा गाजराचा हलवा होता. साहेब खिडकीबाहेर बघत होते. खांद्यांसकट वळले.

"पिंपळखुटे, गाडीचं सेटिंग नेमकं काय आहे आत्ता?"

"तीस, साहेब. मूळ होतं तेवढंच."

"हं." साहेबांनी एक बाटली उचलली, तिच्यावरचं लेबल वाचल्यासारखं केलं, परत ठेवली. "तरी सकाळी झटका बसला मला. झाडापाशी."

सुधाकरने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी पुन्हा बाटली उचलली.

"हो, साहेब," सुधाकर म्हणाला. "मी पाहिलं ना. चांगलाच बसला."

"दोष आहे त्या कंट्रोलरमध्ये."

"असू शकतो, साहेब. जुना झालाय. काढून तपासायला पाठवू?"

साहेबांनी बाटली टेबलावर ठेवली. मग त्यांनी हलव्याचा डबा सुधाकरच्या बाजूला अर्धी वीत सरकवला आणि म्हणाले, "नको. एवढं काही नाही. राहू द्या."

सुधाकर बाहेर आला तेव्हा गोविंद व्हरांड्यात गाडी पुसत उभा होता.

"काय म्हणाले साहेब?"

"गाडीत दोष आहे म्हणाले."

"दोष? अरे, पण गाडी तो..." गोविंदने फडकं खाली ठेवलं. "मग? काढायचा का?"

"नाही म्हणाले," सुधाकर म्हणाला, आणि बोटाला लागलेला हलवा चाटत पॅनल रूमकडे निघाला. "राहू द्या म्हणाले."